घर घेताना आपण रोजचा दिवस विकत घेतो

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत वन बीएचके, स्टेशन चालत बारा मिनिटांवर. किंवा जवळपास त्याच बजेटमध्ये घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, टू बीएचके. खाली मुलांना खेळायला बाग, बाल्कनीतून येऊरचा डोंगर. ठाण्यात घर शोधणाऱ्या कितीतरी जोडप्यांपुढे हाच पेच असतो. दोघांपैकी एकाची नोकरी वाशीला आहे असं धरू. मग बोलणं कशाकशावर होतं? चौरस फुटाचा भाव, कार्पेट एरिया, मेंटेनन्स, पार्किंग, पाणी, गृहकर्जाचा हप्ता. हे सगळं बघायलाच हवं. पण एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: या घरातला साधा मंगळवार कसा जाईल?

हिशेब मांडून बघू. नौपाड्यातून चालत ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरची वाशी लोकल, साधारण अर्धा तास. कासारवडवलीहून सकाळच्या गर्दीत स्टेशन गाठायलाच कधी कधी तास जातो. एका बाजूचा फरक ४५ मिनिटांचा धरला तर दिवसाला दीड तास. वर्षात कामाचे दिवस २५० धरले तर ३७५ तास. दहा वर्षांत ३,७५० तास. माणूस दिवसाचे सोळा तास जागा असतो असं मानलं, तर हे जागेपणीचे २३४ दिवस झाले.

यावरून नौपाड्याचं घर चांगलं आणि घोडबंदरचं वाईट असं ठरत नाही. त्या दुसऱ्या खोलीत आजी-आजोबा राहणार असतील, तर मूल निराळ्याच घरात वाढेल. त्याच्या कानावर रोज निराळे शब्द, निराळ्या गोष्टी पडतील. दीड तासाच्या बदल्यात हे मिळत असेल तर तो सौदा अनेकांना पटेल, आणि तो खराही आहे. मात्र घराचा निर्णय आपण एकदाच घेतो आणि त्याच वेळी पुढची दहा-पंधरा वर्षं रोज आपल्या पानात काय वाढलं जाणार हे ठरून जातं. नोकरी, लग्न, मुलाची शाळा यांचंही असंच आहे. मोठ्या निर्णयाची ताकद असते ती त्याच्या मागोमाग येणाऱ्या, रोज त्याच वेळी पुढ्यात येणाऱ्या छोट्या निवडींत.

संध्याकाळचे आठ वाजून दहा मिनिटं

दार उघडतं. चावी खुंटीला, चपला रॅकमध्ये, पाठीवरची सॅक सोफ्याच्या कडेला. मोबाइलची बॅटरी अकरा टक्क्यांवर, आणि चार्जर सोफ्यामागच्या प्लगला. वायर आखूड, म्हणून तिथेच बसायचं. चार्ज होईपर्यंत दोन रील्स. पावणेनऊ कधी वाजले ते कळतच नाही. या माणसाने ‘मी रोज अर्धा तास रील्स बघणार’ असं कधीच ठरवलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी घर लावताना त्याने एवढंच ठरवलं होतं, की चार्जर इथे लावू.

आपल्या मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे समूह असतात. एखादी कृती त्याच जागी, त्याच खुणेनंतर, पुन्हा पुन्हा घडली आणि शेवटी थोडंसं जरी सुख मिळालं, की तो सगळा क्रम तिथे एकाच गाठोड्यात बांधला जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या अॅन ग्रेबिएल यांनी हे उंदरांमध्ये पाहिलं. इंग्रजी टी अक्षरासारख्या बोळात खाऊ शोधणाऱ्या उंदराच्या या भागातल्या पेशी सुरुवातीला वाटभर काम करत होत्या. वाट पाठ झाल्यावर त्यांची लगबग फक्त सुरुवातीला आणि शेवटी उरली. मधला प्रवास विचाराविना व्हायला लागला. सोफ्यावरच्या माणसाचं तेच झालंय. दाराचा आवाज ही सुरुवात, पहिली रील हा शेवट.

आपल्या दिवसातला किती भाग असा चालतो? मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपण काय करतोय आणि मनात काय चाललंय याच्या तासातासाला नोंदी ठेवल्या. सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, त्याच ठिकाणी आणि बहुधा दुसरंच काही डोक्यात चालू असताना होत होत्या. म्हणजे दिवसाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग आज निवडलेला नसतो. तो कधीतरी आधी निवडलेला असतो.

मग नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो, त्याला घट्ट आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना बारा आठवडे एक साधी गोष्ट रोज करायला सांगितली: जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं अशी. कृती आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा ६६ दिवसांचा आला. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता: १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून बांधलेला अंदाज आहेत). पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते किती नेमकं आहे बघा: या अभ्यासातल्या सगळ्यात वेगवान माणसालाही नवाच्या दुप्पट दिवस लागले. नवव्या दिवशी उत्साह ओसरतो आणि सवय अजून बसलेली नसते. माणूस गळतो तो बरोबर या पोकळीत, आणि दोष देतो स्वतःच्या स्वभावाला.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकीच कामाची आहे. एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यात विशेष फरक पडत नव्हता.

मेंदूची बनावटही बदलते. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना मिळवायला शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू शिकायला सुरुवात करतानाच स्कॅन केले. पुढे ३९ जण परीक्षा पास झाले. सुरुवातीला पास आणि नापास यांच्या मेंदूत फरक नव्हता. शेवटी पास झालेल्यांच्या हिपोकॅम्पसच्या, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूत वाढ दिसली. बाकीच्यांत ती नव्हती. पण तेच पास झालेले लोक गुंतागुंतीची आकृती बघून थोड्या वेळाने आठवून काढायच्या चाचणीत मागे पडले. २०११ सालच्या या अभ्यासाचा हा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि तो सांगायलाच हवा. एका बाजूला वाढणं म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला थोडं आकसणं. निवड करताना तेही मोजायचं असतं.

‘मी तसा माणूस आहे’ हे आपण ठरवतो कसं

ठाणे-वाशी गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे दोन गाड्या सोडायची तयारी असेल तर बसायला मिळतं. समजा, एकीने त्या अर्ध्या तासात पुस्तक उघडायला सुरुवात केली. पंधरा पानं होतात. वर्षाच्या २५० फेऱ्यांत ३,७५० पानं. दोनशे पानांची अठरा पुस्तकं. पण वाचलेल्या मजकुरापेक्षाही मोठी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घडते. कुणीतरी विचारतं, ‘‘तुम्हाला वाचनाची आवड आहे वाटतं?’’ आणि ती ‘‘हो’’ म्हणते. जानेवारीत ती असं म्हणाली नसती.

डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडलेला विचार असा: आपण कसे आहोत हे आपल्याला आतून जितकं कळतं असं वाटतं, तितकं कळत नाही. शेजाऱ्याला त्याच्या वागण्यावरून ओळखावं, तसंच आपण स्वतःलाही आपल्या वागण्यावरून ओळखतो. आधी आवड आणि मग कृती, हा क्रम नेहमीच खरा नसतो. कृती आधी येते. मन मागाहून तिचं कारण शोधतं आणि म्हणतं, ‘मला आवडतं म्हणूनच करत असेन.’

सोसायटीच्या वार्षिक सभेत हे स्पष्ट दिसतं. सेक्रेटरी विचारतात, ‘‘इतिवृत्त कोण लिहून घेईल?’’ सगळे खाली बघतात. मागच्या खुर्चीवरचा एक जण ‘‘द्या इकडे’’ म्हणतो. पुढच्या वर्षी त्यालाच विचारलं जातं. तिसऱ्या वर्षी त्याला लिफ्टच्या कराराची, पाण्याच्या टाकीची, थकलेल्या मेंटेनन्सची माहिती असते, आणि कुणी भांडत आलं तर शांतपणे बोलायची सवय लागलेली असते. त्याच्या घरचे म्हणतात, ‘‘हा पहिल्यापासूनच पुढाकार घेणारा.’’ पहिल्यापासून काही नव्हतं, त्या दिवशी हातात वही होती.

हीच यंत्रणा उलटीही चालते. ‘मला गणित जमत नाही’, ‘मी भांडखोरच आहे’, ‘आमच्याकडे कुणी व्यायाम करत नाही’ ही वाक्यं दरवेळी टाळलेल्या कृतीतून घट्ट होत जातात.

इथे पालकांकडून हमखास होणारी एक चूक टाळावी. मूल वाचतं म्हणून दर पुस्तकाला चॉकलेट द्यायचं ठरवलं, तर मूल वाचेल. पण स्वतःविषयी ते काय शिकेल? ‘मी चॉकलेटसाठी वाचतो.’ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या अशा मुलांना निवडलं ज्यांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडत होती. काहींना चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय संपल्यावर, त्या मुलांनी मोकळ्या वेळात चित्रांना दिलेला वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्मा भरला. ज्यांना बक्षीस अचानक, काम झाल्यावर मिळालं, त्यांची गोडी कमी झाली नाही. आवडीच्या गोष्टीवर आधी दर लावू नये. कौतुक मागाहून, न सांगता, केव्हाही करावं.

आता ट्रेनमधल्या त्या बाईंकडे परत येऊ. ‘मी वाचते’ म्हटल्यावर पुढचं पाऊल सोपं होतं: ठाण्यात १८९३ पासून असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद होणं. तिथे दर पंधरवड्याला जाणं, तिथली माणसं ओळखीची होणं, त्यांनी सुचवलेलं घरी आणणं. आता निवड तिची एकटीची राहिली नाही; आजूबाजूची माणसंच तिला रोज त्या दिशेला थोडं थोडं ढकलतात. दारूच्या बैठकीचंही असंच होतं, हे वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा आपण संगत निवडतो, नंतर संगत आपल्यासाठी निवडते.

स्वभाव बदलतो का

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. ते पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांत स्वभावाचे जे फरक असतात त्यांपैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिकतेशी जोडता येतात. उरलेला भाग परिस्थिती, योगायोग आणि आपलं वागणं यांचा. २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चाललेल्या ९२ नमुन्यांचा एकत्र अभ्यास केला. त्यात वीस ते चाळीस या वयात माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि मनाने जास्त स्थिर होताना दिसली. म्हणजे स्वभाव सरकतो.

ठरवून सरकवता येतो का? नेथन हडसन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी पंधरा आठवडे दर आठवड्याला छोटी आव्हानं घेतली. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलणं यासारखी. ज्यांनी ती पार पाडली त्यांचा स्वभाव हव्या त्या दिशेने हलला. ज्यांनी नुसती स्वीकारली आणि केली नाहीत, त्यांना तो फायदा झाला नाही. काही बाबतीत पाऊल मागेच पडलं. याला अर्थ आहे. न पाळलेला संकल्पसुद्धा आपण बघत असतो, आणि त्यावरूनही स्वतःविषयी मत बनवत असतो. म्हणून मोठा संकल्प सोडून देण्यापेक्षा तो लहान करणं शहाणपणाचं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘सगळं तुमच्या निवडीवर आहे’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. दिव्याहून किंवा घणसोली गावातून निघणारी, पहाटे पाचला उठून तीन डबे भरणारी, रात्री परत येऊन मुलांचा अभ्यास घेणारी बाई दिवसाला वीस मिनिटं स्वतःची म्हणू शकते. तिच्याकडे इच्छाशक्ती कमी नाही, निवडायला जागा कमी आहे. ही जागा बऱ्याचदा समाजच देतो किंवा अडवतो. २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली, त्याआधी लोकलने जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलून उलटा वळसा घ्यावा लागे. त्या एका मार्गाने हजारो घरांतली संध्याकाळ लांबवली. फूटपाथ, बाग, वाचनालय, वेळेवर येणारी बस हे सगळे माणूस घडवणारे घटक आहेत, आणि ते मागून घ्यायचे असतात.

मोठा निर्णय घेताना काय तपासायचं

आपण पुढे किती बदलू याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो. क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी २०१३ साली १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की मागच्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे सगळे मान्य करतात, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असं समजतात. म्हणून ‘मला तिथे आवडेल का’ हा प्रश्न कच्चा आहे. त्याऐवजी कागदावर मंगळवारचा तक्ता काढा: पहाटे सहा ते रात्री अकरा, अर्ध्या अर्ध्या तासाचे ३४ चौकोन. नव्या नोकरीत किंवा नव्या घरात प्रत्येक चौकोनात तुम्ही कुठे असाल, काय करत असाल, सोबत कोण असेल ते भरा. शेजारी आजच्या मंगळवाराचा तसाच तक्ता. दोन्हींत नुसते बदललेले चौकोन रंगवा. हे चौकोन पुढच्या पाच वर्षांचा तुमचा सराव आहेत.

घर रविवारी दुपारी बघू नका. त्या वेळी घोडबंदर रोड सगळ्यांनाच आवडतो. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या गेटपासून ऑफिसपर्यंत एकदा खरंच जाऊन बघा, आणि जमलं तर जुलैत. नोकरीचं असेल तर पगाराइतकंच हेही विचारा, की तिथे पाच वर्षं काढलेली माणसं संध्याकाळी कितीला निघतात आणि कशी बोलतात. बहुतेकदा तुम्ही त्यांच्यासारखे व्हाल.

छोटी निवड बसवताना

संकल्प ‘व्यायाम करेन’ असा असला की बुडतो, कारण त्यात वेळ नाही, जागा नाही, खूण नाही. पीटर गॉलविट्झर यांनी जेव्हा-तेव्हा पद्धतीच्या वाक्यांचा दीर्घ अभ्यास केला; २००६ सालच्या ९४ चाचण्यांच्या आढाव्यात त्यांचा चांगला परिणाम दिसला. वाक्य असं असावं: ‘जेव्हा ठाणे स्टेशनचा जिना उतरेन, तेव्हा शेअर रिक्षाच्या रांगेत न जाता गोखले रोडने चालत निघेन.’ यात प्रत्येक शब्द काम करतो. जिना ही खूण, रोज तीच, चुकवता न येणारी.

खूण घड्याळाची असेल तर महापे-ऐरोलीच्या शिफ्टवाल्यांची गाडी रुळावरून घसरते, कारण या आठवड्यात सकाळ आणि पुढच्या आठवड्यात रात्र. त्यांनी खूण घटनेला बांधावी: उठल्यावरचा पहिला चहा, आंघोळ, डबा धुणं.

सुरुवात इतकी लहान हवी की सगळ्यात वाईट दिवशीही होईल. अर्धा तास चालायचं असेल तर पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं. एका वेळी एकच सवय. तिचे साठ-सत्तर दिवस होईपर्यंत दुसरी नको. कॅलेंडरवर रोज एक रेघ मारा. एक दिवस चुकला तर मनाला लावून घेऊ नका, सलग दुसरा चुकवू नका. आणि पावसाळ्याची सोय एप्रिलमध्येच लिहून ठेवा, कारण तलावपाळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याकाठी चालायच्या, फेऱ्या जूनच्या पहिल्या मुसळधार आठवड्यात बंद पडतात आणि गणपतीपर्यंत परत सुरू होत नाहीत. ‘जेव्हा पाऊस असेल, तेव्हा इमारतीचे सात मजले दोनदा चढेन’ एवढं पुरतं.

नको असलेल्या सवयीशी मनाने भांडू नका, अंतर वाढवा. सोफ्यामागचा चार्जर स्वयंपाकघरातल्या प्लगला गेला की आठ वाजून दहा मिनिटांची साखळी तुटते. पहिले चार-पाच दिवस हात चुळबुळतो, रिकामं वाटतं. ती जागा मोकळी ठेवली तर जुनं परत येतं. म्हणून सोफ्यावर आधीच काहीतरी ठेवलेलं असावं.

सगळ्यात चांगली संधी घर बदलताना मिळते. वूड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या टीव्ही बघण्याच्या, पेपर वाचण्याच्या, व्यायामाच्या सवयी तपासल्या. नवी जागा जुन्यासारखीच होती तिथे सवयी टिकल्या. जागा बदलली तिथे त्या सैल झाल्या आणि माणसं पुन्हा स्वतःच्या इराद्याप्रमाणे वागायला लागली. पण ही मोकळीक फार दिवस टिकत नाही. खारघरच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिल्या काही महिन्यांतच दारापासून सोफ्यापर्यंतची वाट पक्की होऊन जाते. तेव्हा सामानाचा ट्रक येण्याआधी, इलेक्ट्रिशियन भिंतीवर खडूने खुणा करत असताना, त्याच्या शेजारी उभं राहा. बेडच्या उशाला प्लग हवा का, टीव्ही जेवणाच्या टेबलावरून दिसायला हवा का, चालायचे बूट दाराशी राहतील एवढं शेल्फ कुठे, आणि पुस्तकांच्या कोपऱ्यावर दिवा किती उंचीवर, हे त्याला त्याच वेळी सांगा.